वेगाची भाऊबंदकी

१२ मे २००२. ऑस्ट्रियातल्या ए-वन रिंगवर शर्यतीचं शेवटचं वळण सरलं आणि समोर अंतिम रेषा दिसू लागली. पहिल्या क्रमांकावरून सुटलेला फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो अजूनही पुढेच होता. मागे त्याच संघाचा मायकेल शूमाकर. रेषा अगदी तोंडाशी आली असताना बॅरिकेलोनं वेग कमी केला आणि शूमाकर पुढे निघून गेला. दोघांत फरक राहिला ०.१८२ सेकंदांचा. बॅरिकेलोनं संघाचा हुकूम पाळला होता.

प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून, अंगठे खाली दाखवून हुर्यो उडवली. शूमाकरनं बॅरिकेलोला पोडियमच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलं आणि विजेत्याचा चषकही त्याच्या हाती दिला. पुढे दहा लाख डॉलरचा दंड झाला तो या पोडियमवरच्या शिष्टाचारभंगाबद्दल. हुकुमाबद्दल शिक्षा झाली नाही, कारण तेव्हा तसे हुकूम नियमात बसत होते. आणि त्याची गरज तरी काय होती? त्या वर्षीचं जगज्जेतेपद शूमाकरनं सहा शर्यती शिल्लक असतानाच जिंकलं.

वाडा एक, बांध एक, आडनाव एक, म्हणूनच भाऊबंदकीतला तंटा परक्याशी होणाऱ्या भांडणाहून कडवट असतो. फॉर्म्युला वनच्या गॅरेजात हेच घडतं. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या शर्यतीत उतरतात. दुसऱ्या संघाकडून हरलेला चालक आपल्या गाडीकडे बोट दाखवू शकतो. तशाच गाडीत बसलेला सहकारी पुढे गेला, तर बोट दाखवायला जागाच उरत नाही. म्हणून ज्याला सर्वांत आधी हरवायचं, तो आपलाच टीममेट.

संघाचं गणित मात्र वेगळं असतं. वर्षाअखेर दोन विजेतेपदं दिली जातात, एक चालकाला आणि एक संघाला. संघाच्या गुणांत दोन्ही गाड्यांची कमाई धरतात आणि बक्षिसाच्या रकमेचा वाटाही संघाच्या क्रमांकावर ठरतो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८. आपल्या दोन गाड्यांपैकी कोणतीही पुढे असली, तरी संघाच्या खात्यात ४३ गुण जमा होतात. चालकासाठी मात्र त्या सात गुणांत सगळं काही असतं. त्यातच टायर बदलणारा चमू एकच. दोन्ही गाड्या एकदम आत आल्या, तर मागचीला थांबून राहावं लागतं. जो आधी आत येतो, तो ताज्या टायरांवर वेगवान फेऱ्या मारून, थोड्या वेळानं आत येणाऱ्या सहकाऱ्याला मागे टाकू शकतो. यालाच अंडरकट म्हणतात. त्यामुळे आधी कोणाला बोलवायचं, एवढ्याशा निर्णयानंही एकाचं भलं आणि दुसऱ्याचं नुकसान होतं.

या भाऊबंदकीचं सर्वांत तेजस्वी रूप दिसलं १९८८ साली. मॅकलारेनच्या आयर्टन सेना आणि अलॅं प्रोस्त यांनी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. सेना ८, प्रोस्त ७. पुढच्याच वर्षी, पहिल्या वळणावर एकमेकांना मागे टाकायचं नाही हा करार सेनानं इमोलात मोडला, असं प्रोस्तनं मानलं आणि दोघांत वितुष्ट आलं. सुझुकात दोघं एकमेकांवर आदळले, सेना बाद ठरला आणि प्रोस्त जगज्जेता झाला. पण १९९३ साली ॲडलेडला प्रोस्तच्या अखेरच्या शर्यतीत, जिंकलेल्या सेनानं त्याला हात धरून वरच्या पायरीवर ओढून घेतलं. सहा महिन्यांनी सेनाच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रोस्तही होता.

ऑस्ट्रियातल्या हुर्योनंतर २००३ पासून संघाच्या हुकुमांवर बंदी आली. पण बंदी आली तरी हुकूम थांबले नाहीत. २०१० साली हॉकेनहाइमला फेरारीनं फेलिपे मासाला त्याच्या सहकाऱ्याबद्दल रेडिओवरून एवढंच कळवलं, की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. मासानं वाट दिली. संघाला एक लाख डॉलरचा दंड झाला आणि २०११ पासून ती बंदीच उठली.

मग २०१३ साली उलटच घडलं. मलेशियात रेड बुलनं ‘मल्टी २१’ असा सांकेतिक निरोप धाडला. अर्थ असा, की दोन क्रमांकाची गाडी पुढे राहील आणि एक क्रमांकाची मागे. सेबास्टियन वेटेलनं तो धुडकावून मार्क वेबरला मागे टाकलं. बॅरिकेलोनं हुकूम पाळला तेव्हा शिट्ट्या झाल्या होत्या, आता वेटेलनं तो मोडला तरी मोंझा आणि सिंगापूरला त्याची हुर्यो उडालीच. त्याच्या सततच्या विजयांचा कंटाळाही त्यात मिसळला होता. त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधी, २७ ऑक्टोबरला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर त्यानं चौथं जगज्जेतेपद निश्चित केलं. मुख्य स्टँडसमोर गाडी गोल गोल फिरवली, मग खाली उतरून गाडीपुढे माथा टेकला. भारतीय प्रेक्षकांनी त्याला मनापासून डोक्यावर घेतलं. त्यानंतर भारतात फॉर्म्युला वनची शर्यत झालेली नाही.

म्हणजे प्रेक्षकाला हुकूम पाळला की मोडला, याचं फारसं देणंघेणं नसतं. दोघांपैकी कोणावर अन्याय झाला, एवढंच तो पाहतो आणि त्याची बाजू घेतो.

मॅकलारेननं अलीकडे हा न्याय मोजून वाटण्याचा प्रयत्न केला. २०२५ साली मोंझाला लँडो नॉरिसनं ऑस्कर पियास्त्रीला आधी टायर बदलू दिले. मग नॉरिसची स्वतःची चाकं बदलायला उशीर झाला आणि तो मागे पडला. संघानं पियास्त्रीला जागा परत द्यायला सांगितलं, त्यानं ती दिली. फरक तीन गुणांचा. वर्षाअखेर नॉरिस ४२३ गुणांवर जगज्जेता झाला. दुसऱ्या क्रमांकावरच्या मॅक्स वेर्स्टापेनचे गुण होते ४२१. त्याआधी मेक्सिकोत जिंकूनही नॉरिसला पोडियमवर हुर्यो ऐकावी लागली होती.

माझं मत स्पष्ट आहे. एकमेकांवर आदळू नका, एवढीच अट घालून संघांनी दोघांना मोकळं सोडावं. आणि आपण प्रेक्षकांनी राग धरायचाच, तर तो हुकूम देणाऱ्यावर धरावा. तो पिटमध्ये बसलेला असतो. पोडियमवरच्या माणसानं नुकताच जीव धोक्यात घातलेला असतो.

त्या धोक्याची किंमत फेरारीनं १९८२ साली मोजली. २५ एप्रिलला इमोलात दोन्ही फेरारी आघाडीवर असताना ‘स्लो’ असा फलक दाखवला गेला. क्रम आता बदलायचा नाही, असा अर्थ जिल व्हिलनव्हनं घेतला. शेवटच्या फेरीत सहकारी दिदिए पिरोनी त्याला मागे टाकून जिंकला. आता पिरोनीशी कधीच बोलणार नाही, असं व्हिलनव्हनं जाहीर केलं. तेरा दिवसांनी बेल्जियममधल्या झोल्डरला, पात्रता फेरीत त्याला प्राणघातक अपघात झाला. ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमला पिरोनीचे पाय चिरडले आणि त्याची फॉर्म्युला वनमधली कारकीर्द संपली. १९८७ साली मोटरबोटींच्या शर्यतीत तोही गेला. त्याच्या पश्चात त्याच्या जोडीदाराला जुळे मुलगे झाले. तिनं त्यांची नावं ठेवली दिदिए आणि जिल.

२ ऑगस्ट २०२० रोजी सिल्व्हरस्टोनला लुईस हॅमिल्टन शेवटच्या फेरीत फुटलेल्या टायरवर गाडी ओढत जिंकला. करोनामुळे स्टँड रिकामे होते; टाळ्या नव्हत्या, हुर्योही नव्हती. संघाच्या वतीनं चषक घ्यायला पोडियमवर उभा होता मर्सिडीजचा अभियंता जिल पिरोनी.