मेंदूज्वर आणि बाळाचे कान

न्यूमोकोकस जिवाणूमुळे मेंदूज्वर झालेलं बाळ बरं होऊन घरी येतं. पण कधी कधी मागे ताट पडलं तरी ते दचकत नाही. या जिवाणूचं न्यूमोलायसिन हे विष पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी त्यात मरतात, आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत.

श्रवणाच्या चेतापेशी तरी वाचतील का? त्यांना जगायला वाढ-प्रथिनं लागतात. अशा प्रथिनांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. बीडीएनएफ हेही असंच एक वाढ-प्रथिन. प्राण्यांच्या आतल्या कानात ते सोडल्यावर चेतापेशी टिकल्या. किती आशादायक वाट आहे ही! नेहमीचा उपचार मात्र अजून झालेला नाही.

आईबापांच्या हाताशी आज आहे ती न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही अशी लस २०२० मध्ये आली. सरकारी लसीकरणात पीसीव्ही मोफत मिळते: सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात.

आजार झालाच, तर घरी सोडण्याआधी बाळाची बेरा ही श्रवणतपासणी मागून घ्यावी. कारण या आजारानंतर आतल्या कानाच्या नळीत हाड धरू लागलं की ऐकू येण्यासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं अवघड होतं, आणि हे काही आठवड्यांतही सुरू होऊ शकतं.