तारांना क्रमांक कोण देतो?

लातूर जिल्ह्यातील मुरुडच्या शिवारात विहिरीवरचा पंप आणि त्याचा स्टार्टर मुलांच्या ओळखीचा असतो. हिरवे बटण दाबले की मोटर सुरू होते, लाल दाबले की बंद. ही जोडणी कागदावर काढताना प्रत्येक तारेला क्रमांक देतात. नियम सोपा आहे: तार बटण, रिले, कॉइल अशा एखाद्या भागातून पलीकडे गेली की क्रमांक बदलतो, नुसतीच दुसऱ्या तारेला जोडली तर तोच राहतो.

समजा, पुरवठ्यापासून ओव्हरलोड रिलेपर्यंत तार १, तिथून लाल बटणापर्यंत २, पुढे हिरव्या बटणापर्यंत ३, कॉइलपर्यंत ४ आणि परत पुरवठ्याकडे ५. हिरवे बटण सोडल्यावरही मोटर चालू राहावी म्हणून कॉन्टॅक्टरचा एक संपर्क त्या बटणाला समांतर जोडतात. त्याची टोके कोणती? ३ आणि ४. नवा क्रमांक लागत नाही.

आता विहिरीतले पाणी संपले तर मोटर थांबावी म्हणून लाल आणि हिरव्या बटणाच्या मध्ये पाणीपातळीचा रिले घातला. हिरव्या बटणाची टोके आता ४ आणि ५ झाली. समांतर संपर्काचेही दोन्ही क्रमांक बदलायला हवेत. हाताने दुरुस्ती करणाऱ्याने ४ चे ५ केले, पण ३ तसाच ठेवला तर? मोटर नीट सुरू होते, लाल बटणाने बंदही होते. मात्र तो संपर्क पातळीच्या रिलेला वळसा घालतो. चालू मोटर पाणी संपले तरी थांबत नाही आणि कोरडी चालून खराब होते. चूक दिसते ती नुकसान झाल्यावर.

कारखान्यांच्या पॅनेलमध्ये अशा शेकडो तारा असतात. म्हणून विद्युत आराखड्यांच्या संगणक प्रणालींत स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचनांची मालिका, वापरतात. अशा प्रणालीत रेघ ही नुसती रेघ नसते. ती कोणत्या भागाच्या कोणत्या टोकाला लागली आहे याची नोंद असते. स्क्रिप्ट एका टोकापासून निघते, एकमेकांना जोडलेली सर्व टोके शोधते, त्यांना एक क्रमांक देते आणि पुढच्या गटाकडे वळते. नवा रिले घातला की ती पुन्हा चालवायची. तारांची यादीही तीच तयार करते. पंपाची अश्वशक्ती तक्त्यातून वाचून योग्य आराखडा निवडणे, जतन करताना आपोआप तपासणी करणे, हेही तिला शिकवता येते.

ही कल्पना जुनीच आहे. ऑटोकॅडमध्ये १९८६ साली ऑटोलिस्प ही भाषा आली. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाची ई-सिम ही मोफत प्रणाली इलेक्ट्रॉनिक परिपथांसाठी आहे. तिच्यात कीकॅडमध्ये काढलेला आराखडा एनजीस्पाइसला समजेल अशा रूपात बदलण्याचे काम पायथॉनमध्ये लिहिलेला कार्यक्रम करतो.

पण एक मर्यादा लक्षात ठेवावी. आराखड्यातच संपर्क चुकीच्या जागी जोडला असेल, तर स्क्रिप्ट त्या चुकीलाही बिनचूक क्रमांक देईल. "पातळीच्या रिलेला समांतर काहीही नसावे" हा नियम आधी माणसाला सुचावा लागतो. मग स्क्रिप्ट तो प्रत्येक आराखड्यात न थकता तपासते.

वर्गात हा परिपथ फळ्यावर काढून मुलांना क्रमांक द्यायला सांगावे. मग रिले घालून विचारावे: कोणकोणते क्रमांक बदलतील? प्रत्यक्ष स्टार्टर मात्र उघडू देऊ नये.