न्याय कोणाच्या हाती?

आज गुड फ्रायडे. दुपारी बारापासून तीनपर्यंत ठिकठिकाणच्या ख्रिस्तमंदिरांतून क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतील. त्या उद्गारांइतकेच अर्थपूर्ण आहे ते त्याआधीचे येशूचे मौन.

रात्री महायाजकाच्या वाड्यात आणि सकाळी रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या न्यायासनापुढे त्याला उभे करण्यात आले. साक्षी परस्परांशी जुळेनात. पिलाताला अपराध दिसेना. तरीही जमावापुढे नमून त्याने बरब्बाला सोडले, पाण्याने हात धुतले आणि येशूला क्रुसावर धाडले. न्यायासन होते, साक्षीदार होते, न्यायाधीशही होता. नव्हता तो केवळ न्याय!

या वृत्तान्ताची मूळ ग्रीक शब्दयोजना मोठी मार्मिक आहे. यहूदाने येशूला याजकांच्या स्वाधीन केले, याजकांनी पिलाताच्या, आणि पिलाताने क्रुसाच्या. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच, ‘सोपवून देणे’. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तेच क्रियापद पुन्हा भेटते. पण तेथे कर्ता बदललेला असतो. येशू स्वतःच यथार्थ न्याय करणाऱ्या ईश्वराच्या हाती सारे सोपवितो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे पिलाताचा निकाल अखेरचा ठरला नाही. तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान हा त्यावरील ईश्वराचा निर्णय होय.

परंपरेने हे पत्र ज्याचे मानले जाते तो पेत्र कोण? गेथशेमाने बागेत तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान छाटणारा! आणि या अध्यायात तो बोलतो कोणाशी? आशिया मायनरमधील ख्रिस्ती घरांतल्या-दारांतल्या दासांशी, ज्यांना निष्ठुर धन्याविरुद्ध दाद मागण्यास जागाच नव्हती. धन्यांनी दासांना गप्प बसविण्यासाठी हा उपदेश वापरावा, हा मात्र त्याचा विपर्यास होय. सोसणाऱ्याने सोसणाऱ्यांना दिलेला तो धीर आहे.

अशी श्रद्धा कायद्याकडे पाठ फिरविते काय? आपल्याच देशातील एक घटना आठवते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावी, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे पुत्र, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा तिमथी, यांना मोटारीत झोपले असता जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट केले. सूड त्यांनी ईश्वरावर सोपविला, खटला न्यायालयावर. मुख्य आरोपीला २००३ साली फाशीची शिक्षा झाली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिसबाई त्या निकालांसाठी खोळंबून राहिल्या नव्हत्या. हत्याकांडानंतर पुढे कित्येक वर्षे त्या बारीपद्यातच, पतीच्या कुष्ठरोग्यांमध्ये, काम करीत होत्या.