एक पैशाची लढाई (१९५३)

एक पैशाची लढाई हे कलकत्ता (आताचे कोलकाता) शहरात जुलै १९५३ मध्ये ट्रामच्या भाडेवाढीविरुद्ध झालेल्या लोकआंदोलनाचे रूढ नाव आहे. ट्राम चालवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात एका पैशाची वाढ केल्याने हे आंदोलन सुरू झाले. सुमारे महिनाभर चाललेल्या या संघर्षानंतर राज्य सरकारला भाडेवाढ स्थगित करावी लागली. स्वतंत्र भारतात सार्वजनिक वाहतुकीच्या भाड्यावरून झालेल्या आरंभीच्या मोठ्या आंदोलनांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

कलकत्त्यातील ट्रामसेवा 'कलकत्ता ट्रामवेज कंपनी'कडे होती. ही कंपनी १८८० मध्ये लंडन येथे नोंदवली गेली होती. शहरात विजेवर चालणारी ट्राम १९०२ पासून धावू लागली. स्वातंत्र्यानंतरही कंपनीची मालकी ब्रिटिश भागधारकांकडेच राहिली. १९५१ च्या कायद्यान्वये पश्चिम बंगाल सरकारला ही सेवा विकत घेण्याचा अधिकार मिळाला, पण तो १९७२ नंतरच वापरता येणार होता.

मुंबईतील स्थिती याहून निराळी होती. तेथील ट्राम, बस व वीजपुरवठा ऑगस्ट १९४७ मध्ये महानगरपालिकेच्या मालकीचे झाले होते. कलकत्त्यात मात्र भाडे किती असावे हा विषय कंपनी आणि राज्य सरकार यांच्यातच ठरत असे.

ट्रामला दोन डबे असत. पुढचा डबा पहिल्या वर्गाचा व मागचा दुसऱ्या वर्गाचा. दुसऱ्या वर्गात भाडे कमी असल्याने कामगार, फेरीवाले, लहान पगाराचे नोकरदार आणि विद्यार्थी त्यातून प्रवास करीत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती शहरात व उपनगरांत झाली होती. बेकारी आणि अन्नधान्याची महागाई यांमुळे जनजीवन आधीच त्रस्त होते.

एका पैशाचे मोल

१९५३ मध्ये दशमान चलन प्रचारात आले नव्हते. त्या वेळी एका रुपयाचे १६ आणे व एका आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होत. रोज जाऊन-येऊन दोन वेळा ट्रामने प्रवास करणाऱ्या कामगाराला महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांसाठी ५२ पैसे, म्हणजे १३ आणे जादा मोजावे लागणार होते. वाटेत गाडी बदलावी लागणाऱ्यांवर किंवा एकाच घरातील अनेकांना कामावर जावे लागणाऱ्या कुटुंबावर हा बोजा त्याहून अधिक पडणार होता. शिवाय वाढ दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात असल्याने तिचा भार नेमका गरीब प्रवाशांवर येत होता.

प्रतिकार समिती आणि आंदोलनाची पद्धत

वाढीव भाडे १ जुलै १९५३ पासून लागू झाले. त्याला राज्य सरकारची संमती होती. भाडेवाढीस विरोध करण्यासाठी डाव्या पक्षांनी एकत्र येऊन प्रतिकार समिती स्थापन केली. तीत कम्युनिस्ट पक्ष, फॉरवर्ड ब्लॉक, प्रजा समाजवादी पक्ष व सोशलिस्ट युनिटी सेंटर यांचा समावेश होता. हेमंतकुमार बसू, ज्योती बसू, गणेश घोष, सुरेश बॅनर्जी आणि सुबोध बॅनर्जी हे तिचे प्रमुख नेते होते. कंपनी नफ्यात असताना व लाभांश परदेशी जात असताना प्रवाशांवर बोजा का टाकावा, असा समितीचा प्रश्न होता.

समितीने प्रवाशांना सांगितलेला मार्ग साधा होता : ट्राममध्ये बसावे, वाहकापुढे जुने भाडे धरावे आणि वाढीव पैसा देण्यास नकार द्यावा. भाडे बुडवण्याचा हेतू नसून केवळ वाढ अमान्य आहे, हे यातून स्पष्ट होत असे. वाहकाने जुने भाडे घेतले नाही, तर प्रवासी तसाच प्रवास करीत. स्वयंसेवक गाड्यांत व थांब्यांवर जाऊन लोकांना ही भूमिका समजावून सांगत. पुढे ट्रामवर बहिष्कार पुकारण्यात आला आणि अनेक मार्गांवर गाड्या रिकाम्या धावू लागल्या.

दडपशाही व हिंसाचार

समितीच्या प्रमुख नेत्यांना लवकरच अटक झाली. ४ जुलै रोजी हरताळ पाळण्यात आला, तर १५ जुलै रोजी सार्वत्रिक संप झाला. शहरात जमावबंदी लागू करण्यात आली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला व गोळीबारही केला. दुसरीकडे ट्रामगाड्यांवर दगडफेक व जाळपोळ झाली. आरंभीच्या शिस्तबद्ध असहकाराला अशा प्रकारे हिंसक वळण लागले. या काळात मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय परदेशात होते.

२२ जुलै रोजी मैदानावरील सभेचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांना पोलिसांनी मारहाण केली. वृत्तपत्रांनी या घटनेचा तीव्र निषेध केला आणि सरकारची बाजू आणखी दुबळी झाली.

निष्पत्ती

जुलैअखेरीस सरकारने भाडेवाढ स्थगित केली आणि भाड्याचा प्रश्न चौकशीसाठी सोपवला. प्रवासी पुन्हा जुन्या भाड्याने प्रवास करू लागले. १९६५ मध्ये ट्रामच्या भाडेवाढीविरुद्ध शहरात पुन्हा आंदोलन झाले. १९६७ मध्ये संयुक्त आघाडीच्या सरकारने कंपनीचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तर १९७६ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले.

महत्त्व

या आंदोलनामुळे भाडे हा कंपनी व सरकार यांच्यातील खाजगी व्यवहार न राहता सार्वजनिक चर्चेचा विषय बनला. भाडेवाढीची कारणे लोकांसमोर मांडून त्यांची तपासणी व्हावी, ही मागणी त्यातून पुढे आली. आंदोलनाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. भाडे रोखून धरल्यावर सेवेचा वाढता खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न त्यातून सुटला नाही. राष्ट्रीयीकरणानंतर तो भार सरकारी तिजोरीवर आला. प्रवाशाला परवडेल असे भाडे व सेवा टिकवण्यास पुरेल असे उत्पन्न यांचा मेळ घालण्याचा प्रश्न भारतातील शहरी वाहतुकीपुढे आजही कायम आहे.