पोटॅशियम : साडेतीन की साडेचार?

रक्ताचा ताळेबंद – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण ट्रोपोनिन पाहिलं. छातीतलं दुखणं हार्ट अटॅकचंच आहे का, याचा निकाल त्या तपासणीनं लागतो. तो लागला आणि पेशंट आयसीयूत आला, की राउंडवर रोज दुसऱ्याच आकड्याची चौकशी होते. ‘‘पोटॅशियम किती आलंय?’’ ‘‘तीन पॉइंट सात, सर.’’ ‘‘चारच्या वर आणा, केसीएल लावा.’’ लॅबच्या कागदावर तर ३.५ ते ५.० ही नॉर्मलची मर्यादा स्पष्ट छापलेली असते. मग ३.७ असलेल्या माणसाला पोटॅशियम क्लोराइडची ड्रिप कशासाठी? या साध्या शंकेचं उत्तर शोधताना गेल्या चाळीस वर्षांत बऱ्याच समजुती मोडीत निघाल्या आहेत.

आधी हे पोटॅशियम करतं काय, ते पाहू. शरीरातल्या एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असतं. पेशीत दर लिटरला १४० मिलीइक्विव्हॅलंट, तर बाहेर रक्तात जेमतेम ४. या तफावतीच्या जोरावर हृदयाच्या स्नायूपेशी दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात स्वतःभोवती उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतदाब राखून असतात. १४० ला ४ ने भागलं तर ३५ येतात. बाहेरचं पोटॅशियम ४ वरून ३ वर घसरलं, की तेच गुणोत्तर ४७ च्या घरात जातं. आतल्या साठ्यात एकाची घट झाली तर पत्ताही लागत नाही, बाहेर मात्र एवढ्याशा फरकानं हृदयाचं विजेचं गणित बदलतं.

पोटॅशियम कमी झालं, तर प्रत्येक ठोक्यानंतर पेशींना पूर्वपदावर यायला वेळ लागतो आणि मध्येच भलतेच ठोके उमटू लागतात. ईसीजीवर टी लाट चपटी होते, तिच्यामागे यू नावाची छोटी लाट डोकं वर काढते. पोटॅशियम वाढलं तर उलटं चित्र दिसतं. टी लाट अणकुचीदार होते, मग पी लाट पुसट होत नाहीशी होते, क्यूआरएस रुंदावत जातो आणि शेवटी हृदय थांबतं. बायपासच्या वेळी हृदय स्थिर करायला सर्जन पोटॅशियमयुक्त द्रावणच वापरतात, ते याच गुणामुळे.

आता हार्ट अटॅककडे वळू. वेदना आणि भीतीमुळे शरीरात ॲड्रेनॅलिनचा पूर येतो. ॲड्रेनॅलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं, म्हणून रक्तातली पातळी काही मिनिटांत खाली येते. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू असेल, तर ती आणखी घसरते. दुसरीकडे, रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूतून पोटॅशियम बाहेर झिरपत असतं. एकाच हृदयाच्या आजारी भागात ते जास्त आणि निरोगी भागात कमी, अशी अवस्था होते. या विषम जमिनीवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत राहणं, सहज सुरू होतं.

नॉर्वेतल्या बर्गनमध्ये १९८३ साली याचा हिशोब मांडला गेला. हार्ट अटॅकच्या १,०७४ पेशंटांमध्ये ज्यांचं पोटॅशियम ३.५ च्या खाली होतं, त्यांच्यातल्या १७.२ टक्क्यांना फिब्रिलेशन झालं, बाकीच्यांत ७.४ टक्क्यांना. असे निष्कर्ष इतर ठिकाणांहूनही आले आणि आयसीयूंमध्ये एक रिवाज रुजला : नॉर्मलवर समाधान मानायचं नाही, ४ ते ५ मध्येच ठेवायचं. मार्गदर्शक सूचनांमध्येही तो उतरला. पण तो काळ वेगळा होता. अँजिओप्लास्टी बाल्यावस्थेत होती, बीटा ब्लॉकर आजच्यासारखे सर्रास दिले जात नव्हते आणि बंद पडलेली रक्तवाहिनी तासाभरात उघडायची सोय नव्हती. उपचार बदलले, रिवाज मात्र राहिला.

त्याची उलटतपासणी जानेवारी २०१२ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात झाली. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले अभिनव गोयल आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतल्या ६७ रुग्णालयांमधल्या, २००० ते २००८ या काळातल्या ३८,६८९ पेशंटांच्या नोंदी तपासल्या. दाखल झाल्यानंतरच्या सरासरी पोटॅशियमनुसार गट पाडले आणि रुग्णालयात किती जण दगावले ते पाहिलं. ३.५ ते ४.० च्या गटात मृत्यूचं प्रमाण ४.८ टक्के होतं. ४.० ते ४.५ मध्ये ५.० टक्के, म्हणजे जवळपास तेवढंच. ४.५ ते ५.० या गटात मात्र ते १०.० टक्क्यांवर गेलं. जिथे पेशंटला आणून ठेवायचा सल्ला दिला जात होता, त्याच पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात मृत्यू दुप्पट. ३.५ च्या खालीही मृत्यू वाढलेलेच होते. त्यामुळे आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा आला.

त्याच अभ्यासातली दुसरी आकडेवारी मला अधिक बोलकी वाटते. सगळा खटाटोप ज्या फिब्रिलेशनच्या धास्तीनं चालला होता, ते आणि हृदय बंद पडणं, यांचं प्रमाण फक्त ३.० च्या खाली आणि ५.० पासून वर वाढलेलं दिसलं. ३.७ च्या पेशंटला ४.२ वर नेऊन हा धोका टळतो, असं काही त्या नोंदींत दिसत नव्हतं.

पण लगेच ‘पोटॅशियम साडेचारच्या वर गेलं की माणूस दगावतो’ असं म्हणायची घाई नको. ज्याची किडनी अटॅकमुळे किंवा आधीपासूनच मंदावली आहे, जो शॉकमध्ये आहे, त्याचं पोटॅशियम चढतंच आणि त्याचा जीवही मुळात जास्त धोक्यात असतो. संशोधकांनी अशा गोष्टींची वजाबाकी करून पाहिली, तरी संबंध टिकला. असं असलं तरी हे निरीक्षणच होतं. थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून ताप उतरत नाही, तसं रक्तातला आकडा हलवल्यानं पेशंटचं भवितव्य हलेलच असं नाही. ते कळायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात.

असा एक मोठा प्रयोग आपल्या देशाच्याही सहभागानं झाला होता. ग्लुकोज, इन्शुलिन आणि पोटॅशियम एकत्र देऊन पोटॅशियम स्नायूपेशींत परत ढकलायचं आणि जखमी हृदय सावरायचं, ही कल्पना मेक्सिकोच्या सोदी-पायारेस यांनी १९६२ साली मांडली. तर्क बिनतोड वाटत होता. २००५ मध्ये भारत, चीन, पाकिस्तान आणि लॅटिन अमेरिकेतल्या २०,२०१ पेशंटांवरचे निष्कर्ष आले : तीस दिवसांतले मृत्यू हे मिश्रण दिलेल्या गटात १०.० टक्के, न दिलेल्या गटात ९.७ टक्के. फायदा शून्य.

बायपासनंतरचा रिवाजही असाच कसोटीला लागला. ब्रिटन आणि जर्मनीतल्या १,६९० पेशंटांवरचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात पोटॅशियम ४.५ च्या खाली जाताच पूरक मात्रा दिली, दुसऱ्यात ३.६ च्या खाली गेल्यावरच. ऑपरेशननंतर होणारी एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे थरथरण्याची तक्रार दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. सारख्या ड्रिप लावण्याचे कष्ट आणि खर्च वाया गेले होते.

इथे प्रकरण मिटलं असं वाटत असतानाच २०२५ मध्ये डेन्मार्कमधून उलट बातमी आली. छातीत डिफिब्रिलेटर बसवलेल्या, म्हणजे घातक ठोक्यांचा धोका आधीच ठाऊक असलेल्या १,२०० पेशंटांपैकी निम्म्यांचं पोटॅशियम आहार, गोळ्या आणि औषधांच्या आधारे ४.५ ते ५.० मध्ये नेण्याचा प्रयत्न झाला. डिफिब्रिलेटरचा झटका बसणं, घातक ठोके, हृदयविकारानं दाखल होणं किंवा मृत्यू असा एकत्रित हिशोब केला, तेव्हा या गटात प्रमाण २२.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २९.२ टक्के आलं. हे पेशंट घरी, स्थिर अवस्थेत होते. त्यांची किडनी फार बिघडलेली नव्हती आणि तपासण्या नियमानं होत होत्या. आयसीयूतल्या पहिल्या ४८ तासांतल्या माणसाला हा निष्कर्ष चिकटवता येत नाही. तेव्हा ‘किती हवं?’ या प्रश्नाला ‘कुणाला, आणि केव्हा?’ हे उपप्रश्न जोडल्याशिवाय उत्तर नाही.

आकडा खरा आहे का, हेही पाहावं लागतं. दंडाला पट्टा करकचून बांधला, बारीक सुईनं जोर लावून रक्त ओढलं, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नळीत उतरतं. फिक्कट पिवळा दिसायला हवा तो सीरम गुलाबी दिसतो, रिपोर्टवर ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ असा शेरा येतो आणि ४.३ असलेल्या माणसाचं ५.८ झालेलं असतं. ईसीजी साधा असेल, तर जाणते डॉक्टर आधी नमुना पुन्हा घ्यायला सांगतात. केसीएलच्या बाबतीतही सावधगिरी फार. दहा मिलीच्या छोट्या अँप्यूलमध्ये वीस मिलीइक्विव्हॅलंट असतात. ती थेट शिरेत कधीच द्यायची नसते, सलाइनमध्ये मिसळून तासातासानं हळूहळू सोडायची असते.

डिस्चार्जनंतर बहुतेकांना धोका असतो तो पोटॅशियम वाढण्याचा. ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ शेपटीची औषधं आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनी पोटॅशियम चढतं. स्पायरोनोलॅक्टोननं गंभीर हार्ट फेल्युअरमधले मृत्यू ३० टक्क्यांनी घटतात, हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. त्यानंतर कॅनडातल्या ओंटारिओत ही गोळी झपाट्यानं लिहिली जाऊ लागली आणि तिथल्या अशा पेशंटांमध्ये वाढलेल्या पोटॅशियममुळे दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मधल्या हजारी २.४ वरून २००१ मध्ये ११.० वर गेलं. गोळी चांगलीच होती. ती देताना किडनी किती काम करते आहे हे पाहणं आणि वेळेवर रक्त तपासणं मागे पडलं होतं.

आपल्याकडे पेशंटला भेटायला जाताना शहाळं नेण्याची पद्धत आहे. एका शहाळ्यात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याच अंशी पोटॅशियम क्लोराइडच घातलेलं असतं. किडनी ठणठणीत असेल तर ती जादा पोटॅशियम मुकाट्यानं बाहेर टाकते. क्रिएटिनिन वाढलेलं असेल आणि वरची औषधं चालू असतील, तर मात्र शहाळं आणि हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरी जाताना फाइलवर तीन उत्तरं लिहून घ्यावीत : माझ्या गोळ्यांपैकी पोटॅशियम वाढवणाऱ्या कोणत्या, घटवणाऱ्या कोणत्या, आणि पुढची तपासणी कधी? स्पायरोनोलॅक्टोन नव्यानं सुरू झालं असेल, तर साधारण आठवड्यानं आणि मग महिन्यानं रक्त पाहतात. जुलाब-उलट्या झाल्या तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं.

काही पेशंटांमध्ये कितीही केसीएल दिलं तरी पोटॅशियम वर यायचं नावच घेत नाही. अशा वेळी दोष बहुधा मॅग्नेशियमचा असतो, आणि ते नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट्सच्या रिपोर्टमध्ये नसतंच. पुढच्या लेखांकात त्याच्याकडे वळू.