उजेडाचं यंत्र (भाग ९) : एका रेझिस्टरची गोष्ट

गेल्या आठवड्यात आपण तांब्याचा चोक उलगडून पाहिला. तो लेख वाचून नांदगावातले एक मंडप-डेकोरेशनवाले स्नेही इलेक्ट्रॉनिक बॅलास्टची पेटी काखेत मारून दारात हजर झाले. तालुक्यात कुठे रात्रीचे कबड्डीचे सामने असले की मैदानावरचा उजेड यांच्याकडे असतो. गावात त्या दिव्यांना सगळे हॅलोजन म्हणतात, पण आहेत ते २५० वॅटचे मेटल हॅलाइड. "भाऊ, हिच्यातला एक रेझिस्टर बदलला की दिवा दीडपट पेटतो म्हणे. तेवढं करून द्या."

त्यांनी ऐकलं होतं ते खरं आहे. असा रेझिस्टर पेटीत असतो आणि तो बदलता येतो. म्हणूनच हा आठवडा त्या रेझिस्टरसाठी.

आधी मागची उजळणी थोडक्यात. आर्क ट्यूबमधल्या, म्हणजे दिव्याच्या आत ठिणगी पेटते त्या नळीतल्या, वायूतून एकदा वीज वाहू लागली की प्रवाह वाढेल तसा अडथळा कमी होतो, आणि अडथळा कमी झाला की प्रवाह आणखी वाढतो. लगाम नसेल तर निमिषात फ्यूज तरी जातो नाहीतर नळी तरी. तांब्याचा चोक हा लगाम घालतो, पण डोळे मिटून. मेनचं व्होल्टेज २३० वरून २०७ वर आलं, म्हणजे दहा टक्के घसरलं, की चोकवरच्या सोडियम दिव्याची शक्ती वीस टक्क्यांच्या आसपास खाली येते. फीडरच्या टोकाला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की चौकातला दिवा मलूल होतो.

इलेक्ट्रॉनिक बॅलास्टचे डोळे उघडे असतात. पेटीत शिरलेली मेन आधी फिल्टरमधून जाते, मग ब्रिज रेक्टिफायर तिची डीसी करतो. २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. पुढचा टप्पा ते आणखी चढवून ४०० व्होल्टच्या आसपास पक्कं धरतो आणि मेनमधून प्रवाहही व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकत ओढतो. त्यामुळे चोकसोबत लागणारा पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर इथे लागत नाही. या ४०० व्होल्टमधून तिसरा टप्पा दिव्याला हवा तेवढाच प्रवाह मोजून देतो, आणि चौथा टप्पा सेकंदाला शे-दोनशे ते चारशे वेळा त्याची दिशा उलटवतो. सुरुवातीला इग्नायटर तीन ते पाच हजार व्होल्टचे ठोके देऊन वाट मोकळी करतो, तो वेगळा.

आपला रेझिस्टर या तिसऱ्या टप्प्यात असतो. त्याला शंट म्हणतात. किंमत ओहमच्या काही दशांशांत. प्रवाह त्याच्यातून जातो, त्याच्या दोन टोकांवर थोडं व्होल्टेज उमटतं, आणि नियंत्रण करणारी चिप ते वाचून ठरवते, आणखी सोडायचं की आवरायचं. समजा शंट ०.३० ओहमचा आहे. त्याला समांतर ०.६० ओहमचा दुसरा जोडला की एकूण ०.२० ओहम झाले. आता दीडपट प्रवाह गेला तरी चिपला वाटतं पूर्वीइतकाच जातोय. तराजूचं वजन आतून पोखरून ठेवावं, तसं हे. माप देणारा प्रामाणिकच आहे, फसवलं आहे ते वजनाने.

हा उपाय पसरला तो मोटारींच्या झेनॉन दिव्यांवरून. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये असे दिवे आले. त्यातला प्रचलित दिवा ३५ वॅटचा, साधारण ८५ व्होल्टवर चालणारा, ३२०० ल्युमेनच्या आसपास उजेड देणारा. त्याच्या बॅलास्टला ५५ वॅट ओकायला लावायचं, ही हौस जगभर पसरली. मनमाड-मालेगाव रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या गाडीने कधी तुमचे डोळे दिपवले असतील, तर साध्या बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात असा दिवा कोंबला की काय होतं ते तुम्ही भोगलेलं आहे. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे.

पण नैतिक प्रश्न घटकाभर बाजूला ठेवून पेटीच्या आत पाहू. प्रवाह दीडपट झाला की तारांमधली आणि ट्रान्झिस्टरमधली उष्णता दीडपट होत नाही, ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट. पत्र्याच्या बंद पेटीला ती बाहेर टाकायला जागा नसते. त्याहून वाईट घडतं फेराइटच्या कॉइलमध्ये. फेराइटला चुंबकत्व पेलण्याची हद्द असते. ती ओलांडली की कॉइल कॉइल राहत नाही, नुसती तार होते, आणि तिच्या आधाराने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर एका फटक्यात जातो. "नवीनच पेटी होती, आवाज झाला आणि गेली," असं सांगत येणाऱ्यांच्या पेट्या उघडल्या की बहुतेकदा हेच दिसतं.

आणि दिवा? मेटल हॅलाइडच्या नळीत पारा आणि काही धातूंचे क्षार मोजून भरलेले असतात, नळीची भिंत किती तापणार याचा हिशेब करून. शक्ती वाढवली की तो हिशेब विस्कटतो. रंग बदलतो, टंगस्टनचे इलेक्ट्रोड झिजून नळी आतून काळवंडते, आणि दाबाखालची तापलेली नळी फुटण्याचा धोका वाढतो. बाहेरची काच फुटली आणि आतला दिवा तरीही पेटता राहिला तर अतिनील किरण थेट बाहेर पडतात. खाली पोरं खेळत असतात, हे विसरू नये.

दुसरी चूक याहून साळसूद दिसते. "दोन्ही २५० वॅटचेच, मग अदलाबदल का नको?" कारण २५० वॅटचा मर्क्युरी दिवा साधारण १३० व्होल्टवर २.१३ अँपिअर घेतो, आणि २५० वॅटचा सोडियम १०० व्होल्टवर ३ अँपिअर. वॅट सारखे, प्रवाह वेगळा. मेटल हॅलाइडमध्ये तर काही दिवे मर्क्युरीच्या साच्यातले निघतात, काही सोडियमच्या. पेटीवर आणि दिव्यावर अँपिअरचा आकडा बहुधा छापलेला असतो. आधी तो पाहायचा.

आता चौथ्या टप्प्याकडे वळू. ही पेटी प्रवाहाची दिशा उलटवते ती इतक्या सावकाश का? सीएफएलसारखी हजारो वेळा का नाही? इथे मला नेहमी बासरी आठवते. नळीतल्या हवेला ठरावीक सुरावरच कंप भरतो. आर्क ट्यूबसुद्धा वायू भरलेली आखूड नळीच आहे. शक्तीची लाट काही हजार ते काही लाख हर्ट्झच्या टापूत गेली की नळीतल्या वायूत स्थिर ध्वनिलाटा उभ्या राहतात, ठिणगीची दोरी सापासारखी वळवळू लागते, दिवा फडफडतो, कधी ठिणगी भिंतीला टेकून नळी तडकते. म्हणून संथ, चौकोनी लाट. ठिणगीला मिळणारी शक्ती जवळपास अखंड सारखी राहते, आणि दिशा उलटत असल्याने एकच इलेक्ट्रोड झिजत नाही. 'उजेड स्थिर होईल' म्हणून या टप्प्याचा कपॅसिटर बदलून वेग वाढवणारे नेमके या टापूत जाऊन पडतात.

मग पेटीत हात घालायचाच नाही का? घालायचा, पण दुरुस्तीसाठी. देशात ५ जानेवारी २०१५ ला एलईडीचा राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाल्यापासून सोडियम-मर्क्युरीचे दिवे खांबांवरून उतरत गेले आणि आपापल्या पेट्यांसकट भंगारच्या दुकानांत आले. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांत सगळ्यात आधी मरतो तो ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. आपल्याकडचा चाळिशीपार उन्हाळा आणि दिव्याला चिकटून बसवलेली पेटी, म्हणजे त्याच्यासाठी तवाच. ८५ अंशांचा निघाला तर तेवढ्याच व्होल्टेजचा आणि क्षमतेचा १०५ अंशांचा बसवा. पेटी दिव्यापासून हातभर लांब घ्या. पण ती खांबाच्या तळाशी नेऊ नका. इग्नायटरचा ठोका लांबलचक केबलमध्येच जिरतो आणि दिवा पेटत नाही. काही मीटरची मर्यादा कंपनीने छापलेली असते, ती पाळावी.

उघडण्यापूर्वी एक गोष्ट जिवाची. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर ४०० व्होल्टपर्यंत भरलेला असू शकतो. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर लांब मुठीच्या, इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी त्याच्या दोन्ही टोकांना लावा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाच सेकंदांत रिकामा होतो. तरी मीटर लावून शून्य दिसेपर्यंत बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी ती आजच सोडावी. आणि दुरुस्तीनंतर पहिला सप्लाय नेहमी सिरीज बोर्डवरून, म्हणजे वाटेत एक साधा बल्ब घालून.

आमच्या स्नेह्यांच्या पेटीतला शंट मी जागचा हलवला नाही. त्यांचा खरा प्रश्न मैदानावर गेल्यावर सापडला. दिव्यांच्या पुढच्या काचांवर दोन हंगामांची धूळ आणि जळालेले किडे होते, दोन बल्ब म्हातारे झाले होते, आणि चारही दिवे मैदानाच्या मध्याऐवजी प्रेक्षकांच्या मागच्या बाभळीवर रोखलेले होते. काचा धुतल्या, दोन बल्ब बदलले, तोंडं खाली वळवली. जनरेटर सुरू केला. मेटल हॅलाइड आधी फिक्कट निळसर पेटतो, मग क्षारांची हळूहळू वाफ होत जाते. चारेक मिनिटांत पांढरा उजेड पुरा भरला आणि मैदानावरची फक्कीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसली.

तोच शंट उलट्या दिशेने, म्हणजे ओहम वाढवून वापरला, तर मध्यरात्रीनंतर रस्त्यावरच्या सोडियमचा उजेड कमी करता येतो. तो फेरफार मला मान्य आहे, मात्र त्याचे स्वतःचे नियम आहेत. ते पुढच्या आठवड्यात.