‘पोटात दुखतंय’ म्हणजे नेमकं काय? (लेखमाला ‘शरीराची बाराखडी’ : भाग ७)

भाटघरच्या धरणात पाणी साठतं भोर तालुक्यात, आणि त्यावर ऊस उभा राहतो बारामती, इंदापूर, फलटणला. वेळवंडी नदी अडवून इंग्रजांनी १९२०च्या दशकात हे लॉइड धरण बांधलं, नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांना भरवशाचं पाणी मिळालं आणि खालच्या दुष्काळी पट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. धरणाच्या वरच्या अंगाला मात्र, वेळवंड खोऱ्यात आणि पलीकडे वेल्ह्याच्या डोंगरात, अजून पावसावरचा भात आणि वरकस रानातली नाचणी. खालच्या फडांवर दिवाळीच्या आगेमागे ‘कोयते’ येऊन उतरतात, त्यांतले कितीतरी बीडचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस जरी खाडा झाला तरी दंड कापला जातो.

या खाड्याची आणि मासिक पाळीची गाठ २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रासमोर आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा बायकांमागे एक. त्यांत तिशी-पस्तिशीतल्याही होत्या. ‘पिशवी काढली’ हे दोन शब्द त्या भागात दाढ काढल्यासारखे बोलले जातात. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये, असा नियम तिथे लागू झाला.

मुकादमी, दंड, फडावर संडास नसणं, ऑपरेशनची घाई करणारे डॉक्टर, ही कारणं पुष्कळदा लिहिली गेली आहेत आणि ती खरीच आहेत. या भागाचा विषय त्याच्या खूप आधीचा आहे. तेरा वर्षांची मुलगी वर्गात बाईंना ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगून घरी जाते. तिथपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात तिच्या पोटात काय चालतं हे तिला कुणीही सांगितलेलं नसतं.

सांगायला शब्दच नाहीत, असं मात्र नाही. मराठीत या एका गोष्टीला शब्दांची रेलचेल आहे. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे, बाजूला बसली, शिवायचं नाही. पहिल्यांदा आली की न्हाण आलं, शहाणी झाली. एके काळी मुलीला मखरात बसवून गावभर न्हाणाचा सोहळा व्हायचा. म्हणजे बातमी साऱ्या आळीला कळायची. जिच्या शरीरात ती घडली तिला तेवढं समजावलेलं नसायचं. २०१६ मध्ये भारतातल्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९७ हजार मुलींची माहिती होती. पहिल्या पाळीआधी तिच्याविषयी ठाऊक असलेल्या मुली निम्म्यासुद्धा भरल्या नाहीत, आणि पाळीत शाळा बुडवणाऱ्या मुली चारांत एक निघाल्या.

तर काय चालतं पोटात?

दर महिन्याला गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक रक्तातून उतरू लागतं आणि अस्तर सुटायला लागतं. भाटघर धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. पाळीचं तंत्रही असंच आपोआप चालतं. फरक एवढाच की धरणाचं दार पातळी चढल्यावर उघडतं आणि हे उतरल्यावर. सुटणाऱ्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. गर्भाशय ही मुळात स्नायूंची पिशवी. या रसायनांनी ती मूठ आवळावी तशी आवळते, आवळताना तिच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. बाळंतकळांमागेही हीच मंडळी असतात. ज्यांच्या शरीरात ती जास्त तयार होतात त्यांना दुखतं जास्त. त्यांतली काही आतड्यावरही काम करतात, म्हणून कुणाला जुलाब होतात, कुणाला मळमळतं. ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणून मुलीचा डबा तपासणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणखी एक कोडं यातूनच सुटतं. पुष्कळ मुलींची सुरुवातीची पाळी बिनदुखी असते आणि सहा महिन्यांनी, वर्षाने दुखायला लागतं. घरात शंका सुरू होतात: नजर लागली, थंड पाण्यात भिजली, लोणच्याला हात लावला. खरं कारण असं की सुरुवातीच्या चक्रांत बीजांड बाहेर पडतंच असं नाही, आणि तोवर ही रसायनंही बेताची असतात. चक्र स्थिरावलं की कळा सुरू होतात. ही दुखणी पाळीबरोबर किंवा तिच्या थोडं आधी येतात आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात. आजार नव्हे, पण म्हणून सोसलंच पाहिजे असंही नाही.

पाळीच्या रक्तात गर्भाशय आवळणारा काही पदार्थ असतो, हे पिकल्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दाखवलं. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं, आणि १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे ‘बाईचं दुखणं मनाचं असतं’ हा शेरा विज्ञानाने खोडून अर्धशतक उलटलं. शेरा मारणारे अजून निवृत्त झालेले नाहीत.

आता उपायांकडे. आजीचा शेक पहिल्या नंबरात पास होतो. २००१ मध्ये एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंश सेल्सियसची सौम्य ऊब दिवसाचे बारा तास ठेवली गेली, आणि ती आयबुप्रोफेनच्या गोळीच्या तोडीस तोड ठरली. ऊब मिळाली की स्नायू सैलावतो आणि रक्तपुरवठा वाढतो. गरम पाण्याची पिशवी नसेल तर तव्यावर गरम केलेल्या कापडाची घडी चालते, कढत पाणी भरून फडक्यात गुंडाळलेली धातूची बाटलीही चालते. चटका बसेल इतकं गरम मात्र नको. ऊब जास्त वेळ टिकावी, आच वाढवून काही साधत नाही. आणि कोमट पाण्याने अंघोळ करावी. पहिल्या दिवशी न्हायचं नाही, असं काही घरांत अजून सांगतात. दुखण्याच्या दृष्टीने ते नेमकं उलटं आहे.

दुसरा उपाय चालणं. दुखत असताना अंथरुणाला खिळण्यापेक्षा हलणं बरं, असं फिजिओथेरपिस्ट सांगतात. पण खरा उपयोग होतो तो महिनाभर टिकवलेल्या व्यायामाचा. आठवड्यातून तीन वेळा, पाऊण ते एक तास. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा व्यायामाने वेदना चांगल्यापैकी उतरल्याचं दिसलं, मात्र पुरावा अजून कच्चा असल्याचंही आढावाकर्त्यांनी प्रांजळपणे नोंदवलं. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून पायी शाळेत येणाऱ्या मुलीला ‘व्यायाम कर’ हा सल्ला थोडा विनोदी वाटेल, हेही खरं. पण चालण्याची वाट आणि डोक्यावरचा हंडा यांना कुणी खेळाचा तास म्हणू नये. त्याच मुलीला शाळेच्या कबड्डीत, खो-खोत ‘त्या’ दिवसांतही तिची इच्छा असल्यास घ्यावं. तिला बसवून ठेवण्याचं वैद्यकीय कारण नाही.

तिसरं आलं. आल्याच्या पुडीची आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिडशी तुलना करणारा अभ्यास २००९ मध्ये आला आणि तिन्हींचा गुण जवळपास सारखा दिसला. अभ्यास लहान होता. तरी आल्याचा किंवा सुंठीचा चहा घ्यायला कुणाची हरकत असणार? ओवा, बडीशेप, बाळंतशोपा यांनी पोटातला वारा सरतो आणि गुबारा उतरतो, तेवढाच आराम. गुळाची, तिळाची कीर्ती पुराव्यापेक्षा बरीच मोठी आहे. नाचणी खावी ती कॅल्शियमसाठी. कळ थांबवायला ती उपयोगाची नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. कळ आणणारं प्रोस्टाग्लँडिनही शंभर टक्के नैसर्गिकच आहे. शेक-चहाने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर गोळी घेणं हा पराभव नव्हे. ‘गोळ्या खाल्ल्या तर पुढे मूल होत नाही’ या समजाला कसलाही आधार नाही. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड प्रोस्टाग्लँडिन बनण्याआधीच रोखतात, म्हणून ती कळ शिगेला पोचण्याची वाट न बघता सुरुवातीलाच घ्यायची, जेवून घ्यायची आणि दोन-तीन दिवसच. जठराचा व्रण, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांवर परिणाम अशी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. दुकानदाराने सुटी काढून दिलेली गोळी आणि शेजारणीचा सल्ला यांवर दर महिना ढकलणाऱ्यांनी हे वाचावं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, आपल्या परंपरेत बाईला चार दिवस विश्रांती होतीच की. खेड्यातली विश्रांती जरा जवळून बघावी. चूल बंद, देवघर बंद. गोठा, धुणं आणि लावणीचं चिखलाचं रान मात्र चालू. आषाढात भातलावणीला गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकलेल्या बाईला विटाळाने कधी सुटी दिलेली नाही. गडचिरोलीतल्या माडिया गोंडांच्या गावांत पाळीच्या बाईला गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहावं लागतं. तिथे साप-विंचवाची धास्ती असते. याला विश्रांती म्हणायचं तर शब्दकोश बदलावा लागेल.

त्याच गडचिरोलीने महाराष्ट्राला या विषयातला सर्वांत मोठा धडा दिला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी वा उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे साधं दुखणं कोणतं आणि रोगाचं कोणतं, हे ओळखायची संधीच बायकांना मिळत नव्हती.

ओळखायचं कसं? गोळी-शेक करूनही दर महिन्याला शाळा किंवा काम बुडत असेल, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी संपल्यावरही राहत असेल, बिनदुख्या पाळीला पंचविशीनंतर नव्याने सुरू झालं असेल, त्या दिवसांत शौचाला-लघवीला कळा येत असतील, तर एंडोमेट्रिओसिस किंवा गाठींचा विचार करावा लागतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह बाहेर वाढतो, आणि प्रजननवयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तासा-दोन तासाला पॅड भिजणं, सात दिवसांवर रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव यांतही थांबू नये. यांतल्या बहुतेकांवर औषधं आहेत. पिशवी काढणं हा शेवटचा पर्याय, पहिला नाही.

हे शिकवणार कोण? भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात १९८७ पासून ‘मासूम’ ही संस्था काम करते. मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी यांनी ती उभी केली. तिथे गावातल्याच बायका प्रशिक्षण घेऊन ‘सदाफुली’ आरोग्य केंद्रं चालवू लागल्या आणि अंतर्गत तपासणीही शिकल्या. चौथी-सातवी शिकलेली बाई शेजारणीला गर्भाशयाचं मुख कसं असतं ते सांगते, यापुढे शहरातली पोस्टर-प्रदर्शनं फिकी पडतात. भोर-वेल्ह्यात ज्ञान प्रबोधिनीच्या बचत गटांचं जाळं आहे. महिन्याची बैठक, जमलेल्या बायका, ओळखीची ताई, सगळं तयार आहे. हप्त्यांच्या हिशेबानंतर अर्धा तास या विषयाला मिळाला तर वेगळ्या योजनेची गरज पडू नये.

योजना तशा आल्याच. २०१८ मध्ये राज्याची ‘अस्मिता’ आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगलीच गोष्ट. पण पॅड पोचवणं सोपं, बोलणं पोचवणं अवघड. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं ते जुलै १९२७ मध्ये, भाटघरच्या धरणाचं काम पुरं होत आलं होतं त्याच सुमारास. त्यांना कोर्टात खेचलं गेलं. ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. धरणाचं पाणी तोवर इंदापूरच्याही पुढे पोचलं होतं.

किशोरवयीन मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात, तपासणी आणि सल्ला मोफत मिळतो. जवळचं कुठे आहे हे गावच्या आशाताईंना विचारावं. जाताना सोबत एक कागद न्यावा. घरातल्या ‘कालनिर्णय’वर दुधाचे रतीब आणि सिलिंडरच्या तारखा लिहिल्या जातातच, त्यांच्या शेजारी तीन महिने पाळीची तारीख, किती दिवस गेलं आणि दुखणं दहापैकी किती, एवढं मुलीने स्वतः लिहावं. पुढच्या भागात रक्तक्षयाविषयी. तेव्हा या नोंदी लागतील, जपून ठेवाव्यात.